कुंडल रोड ते कोथरूड

किर्लोस्करवाडी हे आमच्या स्टेशनचं नाव नंतरचं. आधी ते होतं कुंडल रोड. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या राजांनी या स्टेशनजवळचा माळ दिला, तिथं निवडुंग काढून नांगराचा कारखाना उभा राहिला, मग वसाहत झाली, छापखाना झाला, 'किर्लोस्कर' आणि 'स्त्री' मासिकं निघाली, आणि स्टेशनच्या पाटीवरून आमच्या गावाचं नाव गेलं. आमचे दादा, म्हणजे अब्बांचे अब्बा, मात्र मरेपर्यंत कुंडल रोडच म्हणत. त्यांच्या तोंडी ते 'कुंडलरोडा' असं व्हायचं. नोकरी रुळावरची, गँगमनची. तेव्हा रेल्वे होती मद्रास अँड सदर्न मराठा कंपनीची, रूळ मीटरगेजचे. एक मीटर रुंदीच्या त्या रुळांवर दादांनी उमेद घालवली आणि त्यांच्यामागं अब्बा त्याच कामावर लागले.

तीन भावंडं आम्ही, रुळाच्या पगारावर वाढलो. तरी गावात आमच्या घराला सांगण्यासारखी गोष्ट नव्हती. कुंडल म्हणजे प्रतिसरकारची राजधानी. क्रांतिसिंह नाना पाटलांचं सरकार १९४३ ते ४६ या काळात इथूनच चालायचं, जी. डी. बापू लाड इथले, तुफान सेनेचे कॅप्टन भाऊ म्हणजे रामचंद्र श्रीपती लाडही इथलेच. गावात घरटी एक आठवण निघते. कुणाच्या आजीनं भाकऱ्या पोचवल्या, कुणाच्या परड्यात बंदुका पुरल्या होत्या. शाळेत ९ ऑगस्टला क्रांतिदिनी मुलं उभी राहून आपापल्या घरची हकिकत सांगायची. आम्ही बसून असायचो. आमचा आजा त्या दिवसांत काय करत होता? इंग्रजांच्या रुळाच्या चाव्या ठोकत होता.

अब्बांच्या डोळ्यांत काचबिंदू आहे हे दोन वर्षांपूर्वी मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं. बाजूचं दिसणं गेलंय, समोरचं औषधानं टिकवायचं, गेलेलं परत येणार नाही. नोकरीत असताना अब्बांचे डोळे दर ठरावीक वर्षांनी तपासले जात. अक्षरं वाचायची, रंगीत ठिपक्यांतले आकडे ओळखायचे. लाल आणि हिरवा ज्याला वेगळा कळत नाही त्याला रुळावर ठेवत नाहीत. अब्बा दर वेळी पास झाले आणि प्रत्येक वेळी घरी येऊन अम्मीला सांगायचे, "आँख अव्वल नंबर." त्या माणसाला आता दाराची चौकट कुठं संपते ते हातानं चाचपावं लागतं. आमच्या बहिणीनं विचारलं, अब्बा, डोळ्यांनी काय बघायचं राहिलंय? आम्हांला वाटलं होतं मक्का-मदिना म्हणतील, पण उमरा त्यांचा झाला होता. ते म्हणाले, पुण्यात कुणा जोशांनी घरात रेल्वे केलीय म्हणतात, ती बघू.

तसं ते ठरलं. जानेवारीत, थंडी असताना, आम्ही तिघं भावंडं, अब्बा आणि एक भाचा असे गाडी करून निघालो. अम्मी आली नाही. तिचं म्हणणं, साठ वर्षं रेल्वेच बघितली, आता पैसे देऊन कोण बघतंय.

निघताना अब्बांनी कापडी पिशवीत हातबत्ती घेतली. या बत्तीबद्दल सांगायला हवं. रेल्वेची तिरंगी हातबत्ती ती. पत्र्याची, वर धुराडं, आत रॉकेलची वात, आणि एक मूठ फिरवली की पांढऱ्या काचेच्या जागी लाल, मग हिरवी. पावसाळी गस्तीवर ही घेऊन रात्रभर रुळानं चालायचं. एका बीटचा गस्तवाला पुढच्या बीटच्या गस्तवाल्याला भेटतो, दोघं गस्तीची पुस्तकं बदलतात, परत फिरतात. रूळ खचला, दरड आली, पूल बुडाला तर गाडीच्या दिशेनं पळत जायचं, रुळावर फटाके लावायचे. हे फटाके म्हणजे चपट्या डबीएवढे, रुळाला पट्टीनं बांधायचे. दहा-दहा मीटरवर तीन. इंजिनाचं चाक वरून गेलं की उडतात, ड्रायव्हर ब्रेक मारतो. तीन का, तर एखादा दमट निघाला तरी दुसरा वाजावा.

अब्बांकडची बत्ती त्यांना नोकरीत मिळालेली नव्हे. नोकरीतली त्यांनी जमा केली. ही त्यांनी मिरजेत भंगाराचा लिलाव घेतलेल्या एका व्यापाऱ्याकडून अकरा रुपयांना विकत घेतली, आणि त्याच्याकडून पावती लिहून घेतली. बत्ती एक, वापरलेली, काच हिरवी तडकलेली, रुपये अकरा फक्त, खाली सही. आमच्या लहानपणापासून ती पावती बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात आहे. रेल्वेची वस्तू घरात सापडली आणि ती कुठून आली हे सांगता आलं नाही तर गुन्हा आहे, १९६६ चा कायदा आहे तसा. हे अब्बांना तोंडपाठ. घरी पाहुणा आला, त्यानं कौतुकानं बत्ती हातात घेतली की अब्बा उठून डबा काढतात आणि पावती दाखवतात. पाहुण्यानं विचारलेलं नसतं. आमच्या धाकट्या भावाला लहानपणी याची लाज वाटायची. आता वाटत नाही. आपल्या माणसांच्या घरांत कागद सांभाळण्याची जी सवय आहे ती कुठून येते हे कळायला त्याला वय लागलं.

बत्ती कशाला घेतली हे आम्ही विचारलं नाही. घरात तिच्यावरून बोलणं झालेलं होतं. भाच्याचं मत होतं की जुन्या बाजारात अशा वस्तूंना चांगली किंमत येते, हॉटेलवाले शोभेला घेतात. बहीण म्हणत होती, संग्रहालयाला द्यावी, चार लोक बघतील. अब्बा दोन्ही वेळा गप्प राहिले होते.

ताकारीवरून शेणोलीकडं रस्ता जातो तेव्हा रूळ बराच वेळ सोबत असतात. आता त्यांवर विजेच्या तारा आल्यात. अब्बांना खिडकीशी बसवलं होतं, पण ते समोर बघत होते. बाजूचं तसंही दिसत नाही. मग शेणोली आलं आणि त्यांनी गाडी थांबवायला सांगितली.

७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ तुफान सेनेनं पुणे-मिरज गाडी अडवली. रुळांवर दगडांचा ढीग घातला, गाडी मागं जाऊ नये म्हणून मागंही अडथळा केला, आणि हातात विळे, काठ्या नि दोन-चार गावठी बाँब एवढ्या सामग्रीवर पगाराची रक्कम उतरवून घेतली. कॅप्टन भाऊंचं म्हणणं शेवटपर्यंत असं होतं की याला लूट म्हणू नका. लोकांकडून लुटलेला पैसा होता, तो आम्ही परत आणला. २०२२ च्या फेब्रुवारीत ते गेले. जी. डी. बापू त्याआधी, २०११ ला. गावात ही हकिकत आम्ही इतक्यांदा ऐकलीय की दगड किती होते तेही सांगू शकू, प्रत्येक सांगणाऱ्याचा आकडा वेगळा असला तरी.

आमच्या घरात हीच हकिकत दुसऱ्या बाजूनं सांगितली जायची, हळू आवाजात, दादीकडून. पगार कुणाचा होता, आम्ही विचारायचो. दादी म्हणायची, अंग्रेजांचा. मग तिचं तिलाच हसू यायचं, कारण दादांचा पगारही अंग्रेजच देत होते. दादांचं बीट शेणोलीचं नव्हे, अलीकडचं. पण दगड रुळावर पडले ही बातमी गँगमनच्या पोटात कशी उतरते हे दुसऱ्याला कळायचं नाही. रूळ मोकळा ठेवणं एवढंच ज्याचं काम, त्याच्या रुळावर दगड. आणि दगड घालणारे परके नव्हते. ज्यांच्या शेतात दादी भांगलायला जायची त्या घरांतली पोरं होती. दादा दोन दिवस बोलले नाहीत, एवढंच दादी सांगायची.

रुळाजवळच्या स्मारकाशी आम्ही उभे होतो. भाच्यानं, जो पुण्यात कॉम्प्युटरवर काम करतो आणि ज्याला घरातलं हे फारसं माहीत नाही, सरळ विचारलं, "नाना, पणजोबांच्या बीटवर दगड घातले असते तर त्यांनी काय केलं असतं?" हा प्रश्न आम्ही तिघांनी पन्नास वर्षांत कधी विचारला नव्हता.

अब्बा म्हणाले, "फटाके लावले असते."

"गाडी वाचवायला?"

"गाडीत माणसं असतात." थोडा वेळ गेला. मग म्हणाले, "आणि रात्री त्या पोरांना घरात घेतलं असतं. ते बी केलं असतं."

यापुढं कुणी काही विचारलं नाही. अब्बांनी स्मारकावर हात फिरवला, फातिहा वाचला की नुसतेच उभे राहिले ते पाठमोऱ्या माणसाचं कळत नाही, आणि गाडीत येऊन बसले.

कराडनंतर रूळ आणि हमरस्ता फुटतात. रूळ मसूर, रहिमतपूर, कोरेगाव करत वाठार-आदर्कीच्या घाटाकडं जातात, रस्ता सरळ साताऱ्याला. रूळ दिसेनासे झाल्यावर अब्बा मिरजेबद्दल बोलायला लागले. मिरजेत त्यांची काही वर्षं गेली. १९७१ च्या सुमारास पुण्याकडून रुंद रूळ आले, पाच फूट सहा इंचांचे. त्या कामात अब्बाही होते. जुने स्लीपर काढायचे, नवे घालायचे, आणि तेही गाड्यांचं वेळापत्रक सांभाळून. त्यानंतर मिरजेत तिन्ही रुंदींचे रूळ एकत्र नांदले. पुण्या-कोल्हापूरकडं ब्रॉडगेज, लोंढ्याकडं मीटरगेज, आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडं बार्शी लाइटची अडीच फुटी. एका स्टेशनात तीन आकाराची रेल्वे. माल एका डब्यातून दुसऱ्यात हमालांनी पाठीवर टाकून न्यायचा. बार्शी लाइट १८९७ ला बार्शीपुरती निघाली, मिरजेला पोचायला तिला १९२७ उजाडलं. आता तीही रुंद झालीय, आणि तशी झाली म्हणूनच २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी जाऊ शकली. पहिल्या खेपेला दहा टँकर, पाच लाख लिटर. अब्बा तेव्हा निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, तरी ते गाडी बघायला कुंडलहून मिरजेला गेले होते. म्हणाले होते, आयुष्यात पहिल्यांदा वाघिणीला सलाम केला.

मिरज म्हटल्यावर मीरासाहेबांचा दर्गा आणि दर्ग्यातले अब्दुल करीम खाँसाहेब यायचेच. खाँसाहेबांचं जाणंही रेल्वेतलं आहे. २७ ऑक्टोबर १९३७. मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते, वाटेत छातीत दुखायला लागलं, सिंगपेरुमाळकोइल नावाच्या लहानशा स्टेशनात उतरले. फलाटावर बिछाना घातला, नमाज पढली, दरबारीच्या सुरांत कलमा म्हटला आणि आडवे झाले असं सांगतात. मय्यत मिरजेला आणून दर्ग्यात दफन केलं. अब्बांना गाण्यातलं कळत नाही, पण उरुसाला रात्रपाळी नसली की ते दर्ग्यात मागं बसायचे. त्यांना पटलेली गोष्ट एकच. एवढा मोठा माणूस, आणि शेवटी त्याला फलाटच मिळाला. स्टेशनातल्या हमालांनी नि पोर्टरांनी त्या रात्री काय पाहिलं असेल, हे ते आम्हांला नेहमी विचारतात, जसं काही आम्हांला माहीत असावं.

खंबाटकीच्या बोगद्यात अब्बांना काहीच दिसेना, त्यांनी शेजारच्याचा हात धरला. कात्रजपर्यंत सोडला नाही.

कोथरूडमधलं जोशांचं संग्रहालय बाहेरून साधं आहे, कर्वे रस्त्याच्या आतल्या बाजूला. भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभर लहान आगगाड्या जमवल्या, बनवल्या, त्यांची प्रदर्शनं भरवली, आणि १ एप्रिल १९९८ ला हे कायमचं घर त्यांना दिलं. सरकारी मदतीवर चालणारं हे नव्हे. घरच्या माणसांनीच ते सांभाळलंय. खरी रेल्वे जपणारी मोठी जागा म्हणजे दिल्लीचं राष्ट्रीय संग्रहालय, १९७७ चं. तिथं इंजिनं उभी आहेत, तुम्ही त्यांच्याभोवती फिरता. इथं इंजिनं फिरतात आणि तुम्ही उभे असता. एका मोठ्या मांडणीवर पूर्ण गाव आहे. स्टेशनं, सिग्नल, पूल, बोगदे, सर्कस, डोंगरावर चढणारी गाडी, वरच्या रुळाला लटकून जाणारी गाडी, वाफेच्या इंजिनापासून अतिवेगवान गाडीपर्यंत सगळं, आणि ते एकमेकांना न धडकता चालतं. खोलीत अंधार करतात, मग त्या गावातले दिवे लागतात. कार्यक्रम अर्ध्या तासाच्या आतच संपतो.

अब्बांना पुढं जागा दिली गेली. आम्ही म्हटलं नव्हतं, तिथल्याच माणसानं काठी बघून दिली. आम्हांला काळजी होती की एवढ्या बारीक गाड्या त्यांना दिसतील का. काचबिंदूचं असं आहे की समोरची लहान गोष्ट नीट दिसते आणि तिच्या शेजारची मोठी दिसत नाही. अब्बा एकच गाडी डोळ्यांसमोर धरून तिच्याबरोबर मान फिरवत होते. ती बोगद्यात शिरली की थांबायचे, बाहेर यायची ती जागा बरोबर हेरून तिथं नजर लावून बसायचे. दोनदा चुकले. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटले. आम्हांला वाटलं थकले.

"जोड वाजतेत," ते म्हणाले.

लहान रुळांचे तुकडे जोडलेले असतात, चाक जोडावरून गेलं की बारीक टिक होतं. आम्हांला ते सांगितल्यावर ऐकू आलं. मोठ्या रेल्वेतून हा आवाज गेला. आता रूळ मैलोनमैल वितळवून एकसंध करतात, फिशप्लेटी कमी झाल्या, प्रवाशाला झोप बरी लागते. कीमनला मात्र कानानं चालायची सवय. हातोडा चावीवर मारला की बसलेल्या चावीचा आवाज वेगळा, ढिलीचा वेगळा. पहाटे अंधारात बीट सुरू व्हायचं, वाटेत फजरची वेळ व्हायची. रुळाच्या बाजूला खडीपासून दूर रुमाल अंथरायचा, पुढ्यात हातोडा, पाना, लाल-हिरवे बावटे. सलाम फेरताना दोन्ही बाजूंना रूळ दिसायचा, असं अब्बा सांगतात. हे ऐकून आमचे एक मौलवी हसले होते, पण नाराज झाले नव्हते.

दिवे लागल्यावर लोक मांडणीभोवती फिरून बघत होते. अब्बा कडेकडेनं पूर्ण फेरी फिरले, चेहरा काचेच्या जवळ नेऊन. बोटाच्या पेराएवढी माणसं सगळीकडं होती. ती ते एकेक तपासत होते. मग बाहेर येऊन पायरीवर बसले आणि बहिणीला म्हणाले, "इत्ता सब करे, बहुत अच्छा करे. पन गँगवाल्याकू भूले."

यात तक्रार नव्हती. आम्ही त्यांना ओळखतो, तक्रार असती तर ते गप्प बसले असते. आणि ज्यानं हे गाव रचलं त्याचा दोष तरी काय. लहान गाडीचा रूळ खचत नाही, त्याला रात्री गस्त लागत नाही. खऱ्या रेल्वेच्या मोठमोठ्या पुस्तकांतही इंजिनांचे कारखाने, पुलांचे इंजिनियर, उद्घाटनाला आलेले लाटसाहेब सापडतात. शेणोलीच्या हकिकतीत अडवणारे आहेत, गार्ड आहे, पैशाची पेटी आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे ते दगड बाजूला करून, रूळ तपासून, पहिली गाडी सोडणारी गँग कुठंच नाही. कुणी तरी ते केलंच असणार. गाड्या परत सुरू झाल्या म्हणजे केलंच.

भाच्यानं पिशवीकडं बोट केलं. बहिणीनं विचारलं, "अब्बा, आत जाऊन बोलू का? बत्तीबद्दल?"

अब्बांनी पिशवी मांडीवर घेतली. बत्ती बाहेर काढली, मूठ फिरवून तिन्ही काचा बघितल्या, तडकलेली हिरवी जरा जास्त वेळ. म्हणाले, इथल्या गाड्यांना ही मोठी होईल. मग म्हणाले, पावती आणायची राहिली. आम्ही सांगितलं की अब्बा, इथं पावती कोण मागतंय. ते म्हणाले, "मागत नाहीत तोवर ठीक असतं," आणि बत्ती परत पिशवीत ठेवली. जुन्या बाजाराचं नाव भाच्यानं स्वतःहून काढलं नाही.

पुण्यात बहिणीच्या ओळखीच्या घरी जेवून, जोहर पढून परत फिरलो. येताना अब्बा झोपले होते, शेणोली कधी मागं पडलं ते त्यांना कळलं नाही, आम्ही उठवलं नाही.

त्यानंतर एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दाब आटोक्यात आहे. समोरचं दिसतं, पेपरचा मथळा वाचतात. या वर्षी गावातल्या शाळेनं क्रांतिदिनाला जुन्या वस्तू मांडायचं ठरवलं तेव्हा आमच्या भावाच्या मुलीनं घरी न विचारता अब्बांच्या बत्तीचं नाव देऊन टाकलं. तिला वर्गात विचारलं, तुझे पणजोबा प्रतिसरकारात होते का? ती म्हणाली, नाही, ते रुळावर होते. बाईंनी वहीत लिहून घेतलं.

बत्ती शाळेत न्यायच्या आदल्या रात्री डबा उघडला तर पावतीची शाई उडत चाललेली. अकरा आकडा दिसतो, सही जवळजवळ गेलीय. भाच्यानं तिची झेरॉक्स काढून लॅमिनेट करून दिली. अब्बांनी मूळ पावती घडी घालून डब्यात ठेवली, आणि झेरॉक्सला भोक पाडून ती सुतळीनं बत्तीच्या कडीला बांधली.